रस्त्याच्या बाजूचं दार

सायमा कोर्पेला आपल्या घरात राहत नाहीत, असं सरकारी कार्डावर छापून आलं तेव्हा त्या घरातच होत्या. स्वयंपाकघरात खिडकीशी बसून मोज्याची टाच उसवत होत्या.

कार्ड तसं सभ्य होतं. दर मार्चला येतं तसंच. घराची किंमत इतकी, जमिनीची इतकी, आणि खाली एका ओळीत घराचा वर्ग. आजवर त्या ओळीत ‘राहतं घर’ असायचं. यंदा तिथे ‘हंगामी, करमणुकीसाठी’ असं होतं. सायमाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग करमणूक नेमकी कुठे ठेवली आहे ते पाहायला त्यांनी घरभर नजर फिरवली. एक चूल, एक टेबल, खुंटीवर दिवंगत नवऱ्याचा, रायनोचा, कोट, आणि खिडकीबाहेर पार पलीकडच्या काठापर्यंत गोठलेलं स्पून तळं. रेडिओवर डुकरांचे बाजारभाव चालले होते.

“करमणूक!” त्या मोठ्याने म्हणाल्या. त्या दिवशी घरात उच्चारला गेलेला तो पहिला शब्द. आणि बहुधा शेवटचाही.

राहत्या घराला पट्टी कमी आणि हंगामी बंगलीला जास्त, हे खरं. पण सायमाबाईंना टोचलं ते वेगळंच. हंगामी म्हणजे मिनियापोलिस शहरातली माणसं. जूनमध्ये येतात, होड्या फिरवतात, मासे सोडून बाकी सगळं पकडतात आणि सप्टेंबरात कुलूप लावून जातात. सायमाबाई या घरात लग्न होऊन आल्या, रायनोला त्यांनी इथूनच पोहोचवला, आणि त्यानंतरचा एकही हिवाळा त्यांनी दुसरीकडे काढला नव्हता. आता कोणीतरी कार्डावर लिहून कळवत होतं की तिथे कोणी नसतं.

तसं पाहिलं तर लिहिणाऱ्याची चूकही म्हणता येत नव्हती. घर बांधलं रायनोच्या आजोबांनी, तेव्हा रस्ता नव्हता. माणसं तळ्यावरून यायची, उन्हाळ्यात होडीने आणि हिवाळ्यात बर्फावरून. म्हणून घराचं तोंड तळ्याकडे. रस्ता पुढे कित्येक वर्षांनी आला, तो घराच्या पाठीमागून. पाठीला काय दार असतं? तिथे नुसती भिंत होती आणि भिंतीला टेकून लाकडांची रास.

त्यात डोळे अधू झाल्यापासून सायमाबाईंनी मोटार सोडली होती. आल्डरविक गाव रस्त्याने लांब. समोरच्या काठावरचं दुकान मात्र बर्फावरून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे हिवाळा लागला की त्या घसरखुर्ची काढत. खुर्चीला खाली दोन लांब पोलादी पट्ट्या असतात. बसायच्या जागी पिशवी ठेवायची, मागे उभं राहायचं आणि एका पायाने रेटायचं. दूध तिकडून, काड्यापेटी तिकडून, टपालपेटीही तिकडच्याच गावात. तळ्यावर भोकं पाडून मासे धरत बसलेले लोक दुरून ती आकृती पाहायचे आणि म्हणायचे, कोणीतरी मासेवालाच असेल. मासेवाल्याला दुसऱ्या मासेवाल्याशिवाय जगात काही दिसत नाही. रस्त्याकडच्या वाटेवर मात्र पहिल्या बर्फापासून शेवटच्या बर्फापर्यंत एक पाऊल उमटायचं नाही.

आणि ॲरिझोना. काही वर्षांपूर्वी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना सायमाबाई एवढंच म्हणाल्या होत्या की बहीण ॲरिझोनाला बोलावते, बघू. त्या ‘बघू’वर गावाने तिकीट काढून त्यांना विमानात बसवलं. तेव्हापासून नोव्हेंबर आला की लोक म्हणायचे, “सायमा गेली असेल नाही आता?” “गेलीच असेल. मजा आहे बुवा, ऊन खात बसली असेल.” पुढे ते छोटं चर्च गावातल्या मोठ्या चर्चमध्ये मिसळलं, आणि सायमाबाई रविवारची प्रार्थना रेडिओवर ऐकू लागल्या. कोणी फिरकत नाही याचं त्यांना आधी आश्चर्य वाटलं, मग सवय झाली. लोकांना कामं असतात, त्या स्वतःला सांगत. आणि गावातले लोक त्याच वेळी म्हणत असत, तिला ॲरिझोनात कशाला फोन करून त्रास द्यायचा.

एप्रिलमध्ये, बर्फ कुजून तळं काळंनिळं झालं होतं तेव्हा, आल्डरविकच्या सभागृहात तक्रारी ऐकण्याचा दिवस होता. सायमाबाई रायनोच्या ट्रॅक्टरवरून गेल्या. मोटारीला डोळे लागतात, ट्रॅक्टरला वेळ लागतो, आणि वेळ त्यांच्याकडे भरपूर होता. त्यांच्यामागे सकाळपासून तीन गाड्या अडकून हळूहळू येत होत्या. आमच्याकडे कोणी हॉर्न वाजवत नाही. तिन्ही गाड्यांनी वाटेत शांतपणे आयुष्याचा विचार केला.

गावचे पंच तीन. अध्यक्ष ऑर्विल हेल्गेसन हा धंद्याने घरोघरच्या मैल्याच्या टाक्या उपसणारा, त्यामुळे गावात कोण राहतं आणि किती राहतं हे सगळं त्याला ठाऊक. सायमाबाईंचा संडास मात्र अजून जुन्या पद्धतीचा, आवारातल्या झाडाखालचा. तिथे ऑर्विलचं शास्त्र चालत नव्हतं. दुसरी डोरीन मट्टीला, केस कापायचं दुकान चालवणारी. तिसरा केनी ब्रुसो, गावचा बर्फ सारणारा ट्रक चालवणारा. एप्रिलात हे तिघे घरपट्टीच्या तक्रारी ऐकतात. एरवी वर्षभर कोणाला तळ्याच्या फार जवळ सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, बांधायचा असतो, कोणाला शेजाऱ्याच्या उन्हात येईल एवढं उंच गॅरेज हवं असतं, त्यांना नियमातून सूट द्यायची की नाही ते ठरवतात. तिघांनीही लहानपणी शाळेत सायमाबाईंच्या हातचं खाल्लेलं. सायमाबाई शाळेत स्वयंपाकीण होत्या, आणि पानात टाकलेलं त्यांना आवडत नसे. त्यामुळे समोरून त्या येताना दिसल्या तशी तिन्ही पंचांनी नकळत पाठ ताठ केली.

“कॉफी घेणार, मिसेस कोर्पेला?” डोरीनने विचारलं.

“नको गं, कशाला.”

“केलेलीच आहे.”

“माझ्यासाठी नको ओतूस उगाच.”

“अहो, नाहीतर टाकूनच द्यावी लागेल.”

“बरं. अर्धाच कप.”

डोरीनने कप काठोकाठ भरला. आमच्याकडे कॉफी तीनदा विचारायची असते. पहिल्यांदा नको म्हणायचं ते सभ्यता म्हणून, दुसऱ्यांदा समोरच्याला त्रास नको म्हणून, आणि तिसऱ्यांदा अर्धा कप. एकदाच विचारून थांबतो तो कंजूष, आणि पहिल्याच फटक्यात हो म्हणतो तो शिकागोचा.

मग जिल्ह्याचा आकारणीवाला, घरांची किंमत आणि वर्ग ठरवून ती कार्डं पाठवणारा ट्रेव्हर लिंडक्विस्ट, उभा राहिला. तरुण, उंच, आणि बोलायला लागला की आधी कान लाल होणारा. “फेब्रुवारीत मी दोनदा जाऊन आलो,” तो म्हणाला. “वाटेवर बर्फ होता, पाऊल एकही नाही. दिवा दिसला नाही. दार… खरं सांगायचं तर दारही दिसलं नाही. वीज नावापुरती वापरलेली. टपाल दुसऱ्या गावी जातं. आणि मग मी लोकांना विचारलं.”

“काय म्हणाले लोक?” ऑर्विल.

“ॲरिझोना.”

सगळ्यांनी सायमाबाईंकडे पाहिलं. 

“ॲरिझोनाला मी जन्मात गेलेले नाही,” त्या म्हणाल्या. “तिथे फार ऊन असतं म्हणतात.”

“मग हिवाळ्यात तुम्ही असता कुठे, मॅडम?” ट्रेव्हरने अगदी हळू विचारलं.

“घरी.”

“म्हणजे, सगळा वेळ?”

“मग कुठे जाऊ, बाळा? मी राहते ना तिथे.”

ऑर्विलने घसा साफ केला. “त्याचं असं आहे, मिसेस कोर्पेला. आमच्या मनात तशी काही शंका नाही. पण नियम असा आहे की आकारणीवाल्याने लिहिलं ते खरं धरायचं. ते खोटं आहे हे सांगणाऱ्याने दाखवून द्यायचं. कोणी साक्षीला आहे का? ज्याने तुम्हाला या हिवाळ्यात तुमच्या घरी पाहिलंय असं कोणीही.”

सायमाबाईंनी विचार केला. पलीकडचा दुकानदार होता, पण तळं धोक्याचं झालं की तो दुकान बंद करून लेकीकडे जातो. त्याला तिथून बोलवायचं म्हणजे… “कशाला कोणाला त्रास,” त्या म्हणाल्या.

“तुमच्यापैकीच कोणी?” ट्रेव्हरने पंचांना विचारलं. बिचारा मदत करायला गेला. “पंचांनी स्वतः पाहिलं असेल तरी चालतं. शेवटचं कधी गेला होता तुम्ही त्यांच्याकडे?”

सभागृहात कॉफीचं भांडं खदखदत होतं. ऑर्विल आपल्या टोपीवरचं बियाण्याच्या कंपनीचं चित्र न्याहाळू लागला. केनीला अचानक आपल्या बुटाची नाडी सापडली. डोरीनचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, “मी… आम्हाला वाटायचं तुम्ही तिकडे ऊन खाताय.”

“रायनोच्या वेळी आलो होतो,” केनी पुटपुटला. रायनोला जाऊन किती हिवाळे झाले ते कोणी मोजलं नाही. मोजून काही उपयोग नव्हता.

सायमाबाईंनाच त्यांची दया आली. शाळेत कोणाच्या पानातलं सांडलं की त्या जशा चटकन फडकं घेऊन यायच्या, तशा त्या म्हणाल्या, “अरे, तुम्हाला कामं असतात. आणि वाट तरी कुठे धड आहे.” पण ट्रॅक्टरवर परत जाताना त्यांना तो प्रश्न राहून राहून आठवत होता. मी घरी असते हे कोणी पाहिलंय? कोणी नाही. मग कार्डवाल्याचं काय चुकलं?

पंचांनी सभा तहकूब केली होती आणि ठरवलं होतं की प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहायचं.

ठरल्या दिवशी सायमाबाईंच्या घरामागच्या रस्त्यावर चार गाड्या येऊन थांबल्या. पंच तीन असले तरी तिघांनी एका गाडीतून यायची सोय नाही. दोन पंच एका जागी बसले की कायद्याने ती सभा होते, आणि सभा म्हटली की लोकांना आगाऊ सूचना लावावी लागते. सायमाबाईंच्या घरी भरणाऱ्या सभेची सूचना सभागृहाच्या फळ्यावर लावलेली होती. ऑर्विलच्या मोटारीत भरणाऱ्या सभेची नव्हती. म्हणून तिघे तीन गाड्यांतून, एकमेकांच्या धुरात. आणि चौथा ट्रेव्हर.

सायमाबाई आत वाट पाहत होत्या. आदल्या दिवशी त्यांनी वेलदोड्याचा गोड पाव भाजला होता, तीन पेडांची वेणी घालून, वरून साखर पेरून. कपाटाच्या वरच्या फळीवरचे निळ्या फुलांचे कप काढून धुतले होते. एकाच खुर्चीची बैठक झिजलेली होती. बाकीच्या खुर्च्या नव्यासारख्या होत्या, त्यांच्यावरची धूळ पुसली होती. त्या तळ्याकडच्या खिडकीशी, दाराकडे तोंड करून बसल्या. गाड्यांचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आलं नाही.

पाठीमागे चौघेजण भिंतीसमोर उभे होते.

“दार कुठाय?” ऑर्विल.

“मी म्हटलं होतं ना,” ट्रेव्हर म्हणाला.

केनीने लाकडांच्या राशीवर टकटक करून पाहिलं. मग ते चिखलातून, एकमेकांपासून सभ्य अंतर राखत, घराला वळसा घालून गेले. सायमाबाईंना एकाएकी खिडकीत चार डोकी दिसली. त्या इतक्या दचकल्या की त्यांच्या तोंडून ‘या’ ऐवजी “उफ् दा!” हे इकडचं ‘अगंबाई’ निघालं. त्या घरात खिडकीपाशी माणूस दिसायची पद्धत राहिली नव्हती.

तळ्याच्या बाजूला, घराच्या सावलीत, बर्फाचा एक ढीग अजून वितळायचा होता. दारापासून पाण्यापर्यंत पायवाट होती आणि ढिगाची एक कड त्या वाटेने सरळ कापल्यासारखी उभी होती. ट्रेव्हर आत जाताजाता तिथेच थांबला. मग वाकला. मग गुडघ्यावर बसला, सरकारी पँटची पर्वा न करता.

कडेला पट्टे होते. पांढरा, काळा, पांढरा, काळा, कुठे जाड, कुठे बोटभर, खालपासून वरपर्यंत.

“हे काय?” त्याने विचारलं.

“राख,” सायमाबाई दारातून म्हणाल्या. “चुलीतली. पाय घसरू नये म्हणून रोज सकाळी टाकते वाटेवर. बर्फ पडला की झाकली जाते. मग परत टाकायची.”

“रोज?”

“चूल रोज पेटते ना.”

ट्रेव्हरने पट्टे मोजायला सुरुवात केली, आणि मध्येच सोडून दिली. सगळा हिवाळा तिथे थरावर थर रचून ठेवलेला होता, आणि प्रत्येक थरात एक बाई सकाळी बादली घेऊन एकटी बाहेर आली होती, टाकून परत गेली होती. डोरीनने उगाच सायमाबाईंच्या दंडाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

“मला वाटतं,” ट्रेव्हर उठत म्हणाला, कान लालभडक झाले होते, “माझी हरकत नाही.”

मंडळ आत जाऊन टेबलाशी उभं राहिलं. केनीने ठराव मांडला, डोरीनने अनुमोदन दिलं. ‘राहतं घर.’ “होय,” “होय,” “होय.” सायमाबाईंच्या स्वयंपाकघरात इतकी माणसं एकामागून एक होय म्हणत आहेत असं कधी घडलं नव्हतं. रायनो हयात असतानासुद्धा.

“कॉफी घ्याल ना?” त्या म्हणाल्या.

“नको नको,” ऑर्विल म्हणाला. “आमची कामाची भेट.”

“पावही आहे. वेलदोड्याचा. कालच केलाय.”

“छे हो, तुम्हाला कशाला त्रास,” डोरीन म्हणाली, आणि डोळे पावावर.

मग सगळे थांबले. चौघे टोप्या हातात घेऊन, पाय जागच्या जागी रोवून, वेलदोड्याचा वास छातीत भरून घेत उभे होते. केनीने तर मनात तुकडाही निवडून ठेवला होता, टोकाचा, जास्त साखरेचा. आणि सायमाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. नको म्हणतायत, त्यांना वाटलं. खरंच घाई असेल. तिसऱ्यांदा विचारायचं असतं हे त्यांना सुचलंच नाही. विचारायला कोणी नसलं की मोजायची सवय जाते. अर्धा कप म्हणणाऱ्याला काठोकाठ ओतायचं हे त्यांना आठवलं असतं, पण त्याच्या एक पाऊल आधीच त्या थबकल्या.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग नाही थांबवत.”

ऑर्विलने मांडीवर थाप मारली. “चला तर मग…”

जाताना तो दारात घुटमळला. “छान झालं सगळं, मिसेस कोर्पेला. फक्त दार शोधायला जरा वेळ लागला आम्हाला.”

गाड्या चार दिशांना नाही, एकाच रस्त्याने गेल्या, पण वेगवेगळ्या. प्रत्येक गाडीत एक उपाशी माणूस होता. सायमाबाईंनी निळ्या फुलांचे कप न वापरताच पुन्हा धुतले आणि पाव आठवडाभर खाल्ला. शेवटी शेवटी कॉफीत बुडवावा लागला. भांडं विसळताना त्यांना एकदम आठवलं. तिसऱ्यांदा! हात साबणातच राहिले. “अगं वेडे,” त्या मोठ्याने म्हणाल्या. पण तोवर मे महिना लागला होता.

जूनमध्ये त्या ट्रॅक्टर घेऊन पुन्हा सभागृहात आल्या. या वेळी दार मागायला.

घर रस्त्याच्या फार जवळ. रस्ताच रुंदावत रुंदावत घराच्या पाठीशी आला होता. नियमाने रस्त्यापासून जेवढी जागा मोकळी सोडायची तेवढी घरानेच अडवलेली, आणि आता त्यापुढे पायऱ्या आल्या तर आणखी अडवणार. म्हणजे सूट हवी. आणि सूट देण्याचा नियम कडक. अडचण जमिनीची असली पाहिजे, माणसाची नाही. माणसाचे गुडघे, माणसाचे डोळे, माणसाची हौस, यांतलं काही चालत नाही. माणूस आज आहे, उद्या नाही. दार मात्र राहतं.

“तर, मिसेस कोर्पेला,” ऑर्विल म्हणाला, “दार कशासाठी हवंय?”

खरं कारण सायमाबाईंना माहीत होतं आणि ते बोलण्यासारखं नव्हतं. “आग लागली तर,” त्या म्हणाल्या. “बाहेर पडायला.”

“तळ्याकडचं दार आहे की.”

“तिकडूनच आग आली तर?”

“तळ्याकडून?” केनी.

डोरीनने त्याला टेबलाखालून लाथ मारली. तिन्ही पंचांना दार कशासाठी हवंय ते समजलं होतं. सायमाबाईंनाही कळलं होतं की त्यांना समजलंय. आणि कोणीच ते बोलणार नव्हतं, कारण बोललं तर सायमाबाईंची अडचण ठरली असती, आणि सायमाबाईंची अडचण ठरली तर दार नाही.

ऑर्विलने नकाशा उलगडला. बराच वेळ पाहिला. “समजा,” तो सावकाश म्हणाला, “आपण जमिनीलाच विचारलं की बाई, तुझं तोंड कुठे? तर ती काय सांगेल?”

“तळ्याकडे,” केनी म्हणाला. “घर आधीचं, रस्ता नंतरचा.”

“आणि नकाशा म्हणतो, पुढची बाजू रस्त्याकडे. म्हणजे गावाने रस्ता आणून जमिनीचं तोंड फिरवलं, आणि घर तसंच राहिलं. यात मिसेस कोर्पेलांचा काही दोष?”

“काडीचा नाही,” डोरीन म्हणाली.

“मग ही अडचण जमिनीची.” ऑर्विलने सुस्कारा सोडला. मैल्याच्या टाक्या उपसणाऱ्या माणसाने इतकी नाजूक गोष्ट उचलून ठेवली होती की त्याचंच त्याला नवल वाटलं. सूट मिळाली, एका अटीवर. पायऱ्या तीनच, आणि वर छप्पर नाही. आधीच अडवलेल्या जागेत आणखी भर नको.

“छप्पर नाही म्हणजे आलेला माणूस बर्फात उभा राहणार,” केनी म्हणाला.

“मग मी दार लवकर उघडेन,” सायमाबाई म्हणाल्या.

सप्टेंबरात गावचा सुतार आला, लाकडांची रास हलवली, भिंत कापली. दार निळं रंगवलं. काम झाल्यावर त्याने विचारलं, “ठीक आहे ना?” सायमाबाई म्हणाल्या, “बाहेर जाऊन एकदा वाजव बरं.” त्याने वाजवलं. त्या आत उभ्या राहून ऐकत राहिल्या. “पुन्हा,” त्या म्हणाल्या. त्याने पुन्हा वाजवलं, आणि हत्यारं गोळा करून पुढच्या कामाला गेला. त्याला उशीर झाला होता.

आणि मग कोणी आलं नाही.

गावाला आता कळलं होतं की सायमा ॲरिझोनात नसते. पण गाव म्हणू लागलं, “तिने तर पुढे दार काढलंय. लोकांची रीघ असेल तिच्याकडे. आपण कशाला गर्दी करायची.” नोव्हेंबरात बर्फ पडला. सायमाबाई रोज सकाळी राखेची बादली घेऊन आधी तळ्याकडच्या वाटेवर जात, मग नव्या दाराने बाहेर पडून रस्त्यापर्यंत जात आणि परत येत. जाताना राख टाकत. येताना, कोणी पाहिलंच तर दिसावीत म्हणून, पावलं जरा जोरात उमटवत. शनिवारी पाव भाजत. रविवारी अर्धा फडक्यात बांधून थंडीत ठेवत. एकदा रस्त्यावरून केनीचा ट्रक गेला. वाटेच्या तोंडाशी तो क्षणभर मंदावला, पात्याने बर्फ बाजूला सारला आणि पुढे गेला. त्याने हात केला असावा. काचेवर ऊन होतं, नीट दिसलं नाही.

जानेवारीत एका सकाळी टकटक झाली.

त्यांना आधी वाटलं, तळ्यावरचा बर्फ तडकला. मग वाटलं, सुतारपक्षी. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा त्या उठल्या, पदर नाही पण ॲप्रन सारखा केला आणि सवयीने तळ्याकडचं दार उघडलं. समोर पांढरं तळं. कोणी नाही. “अगं वेडे,” म्हणत त्या घर ओलांडून दुसऱ्या टोकाला धावल्या.

बाहेर, छप्पर नसलेल्या तिसऱ्या पायरीवर, ट्रेव्हर लिंडक्विस्ट उभा होता. खांद्यांवर बर्फ, कान लाल. या वेळी थंडीने.

“नवीन बांधकाम नोंदवायला आलो, मॅडम,” तो म्हणाला. “एक दार, तीन पायऱ्या. नोंदवलं. वाटेवर पावलंही आहेत.” तो किंचित हसला. “तेही पाहिलं.”

“कॉफी घेणार?”

“नको, मॅडम. कामावर आहे.”

“ठेवलेलीच आहे.”

“छे, छे. तुम्हाला कशाला उगाच त्रास.” 

त्याने हातमोजे हातमोज्यावर आपटले. “चला तर मग…” तो म्हणाला, पण पायरी उतरला नाही. त्याने घराच्या छपराकडे पाहिलं, मग दाराच्या बिजागरीकडे, जणू अजून काही नोंदवायचं राहिलं होतं. आतून वेलदोड्याचा वास बाहेर येऊन दोघांच्या मधोमध थंडीत उभा होता.

सायमाबाईंनी दाराची कडी घट्ट धरली.

“अरे, आता नाही घेतलीस तर टाकूनच द्यावी लागेल,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्यांदा विचारतेय.”

ट्रेव्हरने श्वास सोडला. गेल्या फेब्रुवारीपासून धरून ठेवल्यासारखा.

“बरं,” तो म्हणाला. “अर्धाच कप.”

आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. हिवाळ्यातले बूट, पिंढरीपर्यंतचे, नाडी अडकवायच्या अनेक आकड्यांचे. ते काढायला इतका वेळ लागतो की एकदा बूट काढलेला माणूस दुसऱ्या कपाआधी उठत नाही. सायमाबाई निळ्या फुलांचे दोन कप घेऊन तेवढा वेळ शांतपणे उभ्या राहिल्या.